सातबाऱ्यावरील अकरा नावे

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला विचारले, "मामा, सरकार शेतकऱ्याला अनुदान देते, म्हणजे तो फुकटचाच पैसा ना?" सारा जन्म मुलांना शब्दांची फोड करून दाखविण्यात गेल्यामुळे उत्तर देण्यापूर्वी मी सवयीने तो शब्दच फोडून पाहिला. 'अनु' हा उपसर्ग 'मागून' असा अर्थ दाखवितो. तेव्हा अनुदान म्हणजे आधी आपले श्रम व मागून दुसऱ्याचा हात. वैयाकरणांस हा अर्थ कितपत रुचेल कोण जाणे. पण कोकणातील फळबागांपुरता तो अक्षरशः खरा आहे.

रोजगार हमीची मूळ कल्पना वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 साली तिचा प्रयोग झाला व 1977 साली कायदा झाला. पुढे 1990 साली तिच्याशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली. खड्ड्यांची मजुरी, कलमे, खत यांसाठी सरकार पैसे देई. परंतु ते एकदम नव्हे, तर हप्त्याहप्त्याने, झाडे जगल्याची पाहणी करून. ज्या वरकस उतारांवर बहुधा नाचणी-वरीच पिके, तेथे हापूसची व काजूची कलमे उभी राहिली, त्यांत या योजनेचा वाटा मोठा आहे. 2018 साली भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने निघालेल्या योजनेतही 50, 30 व 20 टक्के असे तीन हप्ते ठरविले होते. झाडे मेली की पुढचा हप्ता अडला! फुकटचा पैसा असा नसतो.

मात्र या वाटेत एक धोंड आहे, आणि ती पुष्कळदा आपणच घातलेली असते. जमीन सामायिक असेल तर सर्व खातेदारांचे संमतिपत्र लागते. उताऱ्यावर कुळाचे नाव असेल तर कुळाचेही. आमच्या वडिलोपार्जित डोंगराच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. दहाजण नोकरीनिमित्त परगावी. एकटे चुलतबंधू दादा तेवढे गावी. 1992 साली दादांनी कलमे लावण्याचे ठरवून सर्वांकडे कागद पाठविले. नऊ सह्या आल्या. दहावी माझी होती.

ती मी दिली नाही. सही केली म्हणजे हक्क गेला, असे मनाने घेतले. वस्तुतः तो कागद लागवडीच्या संमतीचा होता, दानपत्र नव्हते. मुलांना उताऱ्यांचे अर्थ शिकविणाऱ्या मला तो समजला नाही, असे कसे म्हणू? "विचार करून कळवितो" असे लिहिले आणि कागद पंचांगात ठेवून दिला. डोंगर तसाच राहिला.

दादा त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. दर वैशाखात त्यांची आंब्याची पेटी मात्र येई. परसातल्या झाडाचे आंबे समजून आम्ही ते आवडीने खात असू. ती पेटी शेजारच्या बागेतून विकत घेतलेली असे, हे दादा गेल्यावर वहिनींच्या तोंडून कळले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची नावे अशाच एखाद्या उताऱ्यावर असतील. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 अन्वये तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. ते नको असेल, तर जो मातीत राबतो त्याला निदान सही तरी द्यावी. आपला हिस्सा त्याने बुडत नाही.

यंदा दादांच्या मुलाने पुन्हा कागद पाठविला. पहिली सही मी केली व उरलेल्या नऊजणांस पत्रे घातली. आठ सह्या आल्या. नवव्याने "विचार करून कळवितो" असे लिहिले आहे. त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाही. म्हणून त्याला आज दुसरे पत्र घातले आहे, आणि त्यात आंब्याच्या पेटीची हकीकत लिहिली आहे.