दाराची मिशी

बालमित्रांनो, गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी रोज एक चोर यायचा. दार बंद, खिडक्यांना जाळ्या, तरी हा आत हजर! ओळखलंत ना? डास!

त्यातच माझ्या धाकटीला डेंग्यू झाला. आठवडाभर पोर तापानं फणफणली होती. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, बरं का! म्हणजे रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत नाही. जरा बरं वाटल्यावर धाकटीनंच विचारलं, "आई, सगळं बंद असताना हे येतात तरी कुठून?"

मग आम्ही शोध घेतला. रात्री घरातले दिवे मालवले. तिचे बाबा टॉर्च घेऊन बाल्कनीत उभे राहिले, आम्ही दोघी आत. आणि काय गंमत! सरकत्या दाराच्या दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात, तिथे उजेडाची उभी रेघ चमकली.

सरकतं दार घट्ट आवळून बसत नाही. सरकायला थोडी जागा लागतेच. ती भरायला अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत एक केसाळ पट्टी असते, जणू दाराची मिशीच! दार सरकताना तिचे केस वाकतात, पुन्हा उभे राहतात आणि धूळ, वारा, डास अडवतात. ऊन आणि धूळ खाऊन आमच्या दाराची मिशी पार झडली होती.

मी दुकानात गेले. "पट्टी द्या," म्हटलं. दुकानदार म्हणाले, "किती मिलिमीटर?" मी गप्प! अंदाजानं घेतली. ती इतकी जाड निघाली, की दार हलेचना. वर्गात मिलिमीटर शिकवणारी मी आणि मोजलंच नव्हतं! ते पाहून धाकटी खो खो हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या वेळी तिनंच पट्टी धरली. जुन्या मिशीचा तुकडा कापून दोन मापं घेतली: बुडाची रुंदी आणि केसांची उंची. उंची मोजली ती जिथे झीज कमी होती तिथे. तुकडा सोबत नेला. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे तशीच पट्टी मीटरवर मिळाली.

जुनी पट्टी ओढून काढली, जुन्या टूथब्रशनं खाच साफ केली आणि नवी हळूहळू सरकवली. ताणायची मात्र नाही! ताणलेली पट्टी नंतर आखडते आणि कोपऱ्यात पुन्हा फट पडते. काचेची झडप जड असते. ती उतरवायचं काम मोठ्यांचं, तुमचं नाही.

आणखी एक. दाराच्या खालच्या पन्हळीला बारीक भोकं असतात. ती बुजवू नका. पावसाचं पाणी त्यातूनच बाहेर जातं. पाणी साचलं, की डासांना अंडी घालायला आयती जागा!

आता डास येतात ते दार उघडं राहिलं तरच. कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला घासून कोरड्या करायचं काम धाकटीनं स्वतःकडे घेतलंय.

आज रात्री तुम्हीही टॉर्च लावून पाहा. तुमच्या दाराला मिशी आहे ना? मोजा आणि मला कळवा!

तुमच्या बाई