उत्तर येते, पण सांगता येत नाही

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराला ‘इंटर्नशिप’ या शब्दाची ओळख आता करून द्यावी लागत नाही. एके काळी पदवी हाती पडल्यावर नोकरीचा विचार सुरू होत असे. आता पदवीला वर्ष-दीड वर्ष अवकाश असतानाच हिंजवडीच्या एखाद्या संगणक कंपनीत किंवा चाकण-वाळूजच्या कारखान्यात काही आठवडे, काही महिने प्रत्यक्ष काम करावे, अशी अपेक्षा असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने इंटर्नशिपला श्रेयांक दिले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिच्यावर भर दिला. परिणामी वयाच्या विसाव्या वर्षीच आपली मुले आयुष्यातल्या पहिल्या तांत्रिक मुलाखतीला सामोरी जात आहेत. दहावी-बारावीसाठी घर जसे कंबर कसते तसे या प्रसंगासाठी कसत नाही. कारण ही परीक्षा नेमकी कशाची, हेच अनेक पालकांना ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या भाषांशी त्याचा संबंध टंकलेखनापुरता. परंतु पुण्यात अशा मुलाखती घेणाऱ्या काही परिचितांशी या विषयावर वेळोवेळी बोलणे होते, आणि त्या सर्वांची तक्रार आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. मुलांना विषय येत नाही, असे ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, मुले बोलत नाहीत. प्रश्न ऐकतात, मान खाली घालतात, कागदावर काहीतरी लिहू लागतात आणि दहा मिनिटांनी एकतर पाठ केलेले उत्तर समोर ठेवतात, नाहीतर ‘सर, आठवत नाही’ म्हणून थांबतात. हा ‘आठवत नाही’ शब्द मोठा बोलका आहे. जे विचार करून काढायचे, ते आपली मुले आठवू पाहत असतात.

या मुलाखतीत घडते तरी काय? साधारण पाऊण ते एक तासाचा हा संवाद असतो. आरंभी स्वतःविषयी दोन वाक्ये, मग रिझ्युमेवर लिहिलेल्या एखाद्या प्रकल्पाची चौकशी, नंतर एखादे कोडे किंवा छोटा प्रोग्रॅम आणि अखेरीस उमेदवाराला प्रश्न विचारण्याची संधी. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलाला कोड्याऐवजी एखादा सुटा भाग हाती देऊन त्याचे रेखाचित्र काढायला सांगतील, व्हर्नियरचे लघुतम माप विचारतील किंवा हा भाग ओतीव का, घडीव का नाही, असे विचारतील. स्वरूप निराळे, कसोटी तीच.

संगणक शाखेतले एक जुने उदाहरण घेऊ. दहा लाख नावांची यादी आहे. तीत एक नाव आहे की नाही ते शोधायचे. पहिल्या नावापासून तपासत निघालो तर दहा लाख वेळा पाहावे लागेल. पण यादी अकारविल्हे लावलेली असेल तर शब्दकोश पाहताना आपण जे करतो तेच करता येते. मधोमध उघडायचे, हवे ते नाव अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यायचा, उरलेल्या भागात पुन्हा मध्य गाठायचा. अशा रीतीने अवघ्या वीस तुलनांत काम होते, कारण वीस वेळा दुप्पट केले की एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. याला बायनरी सर्च म्हणतात. तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो आणि मुलांना मुखोद्गत असतो.

आता मुलाखतीत हा प्रश्न आला की एक मुलगा लगेच पाठ असलेल्या ओळी लिहून मोकळा होतो. दुसरी मुलगी आधी विचारते, ‘यादी क्रमाने लावलेली आहे का? एकच नाव दोनदा येऊ शकते का? शोध एकदाच घ्यायचा आहे की दिवसातून हजार वेळा?’ तिचा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. यादी विस्कळीत असेल आणि शोध एकदाच घ्यायचा असेल, तर आधी ती क्रमाने लावत बसण्यापेक्षा सरळ पहिल्यापासून पाहणेच स्वस्त. पाठांतर करणाऱ्याला हे सुचत नाही, कारण पुस्तकातल्या प्रश्नात ‘यादी क्रमाने आहे’ हे आयते दिलेले असते. परीक्षक त्या मुलीच्या बाजूने निम्मा झुकलेला असतो, तिने अद्याप एक ओळही लिहिलेली नसताना.

या साध्या युक्तीचा इतिहासही तरुणांनी वाचावा असा आहे. संगणकशास्त्राचे आचार्य डोनाल्ड नूथ यांनी नोंदवले आहे की, बायनरी सर्चची पहिली प्रसिद्ध मांडणी १९४६ ची. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीला लागू पडणारी निर्दोष मांडणी प्रसिद्ध व्हायला १९६० उजाडले. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक या नामांकित तज्ज्ञाने जाहीरपणे लिहिले की, जावा भाषेच्या ग्रंथालयासाठी त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये कित्येक वर्षे एक चूक दडून होती. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले जाई. यादी प्रचंड असली आणि ती बेरीज २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ या मर्यादेपलीकडे गेली की संगणक तिला ऋण संख्या समजे. जगभर वापरात असलेल्या प्रोग्रॅममध्ये ही चूक कोणाला खटकली नाही! तेव्हा पाठ केलेल्या आठ-दहा ओळी निर्दोष असतीलच, अशा भ्रमात विसाव्या वर्षी कोणी राहू नये. लिहून झाल्यावर ‘यादी रिकामी असेल तर? एकच नाव असेल तर? हवे ते नाव शेवटचेच असेल तर?’ असे स्वतःच विचारून बोटाने एकेक ओळ तपासणे, ही सवय परीक्षकाला हवी असते. कारखान्यात भाग तयार झाल्यावर तो मापून पाहणाऱ्या कारागिराची ही सवय आहे.

मग आपली मुले अशी का बोलत नाहीत? दोष केवळ महाविद्यालयांचा नाही. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ या शिस्तीत आपण त्यांना वाढवले, वर्गात शंका विचारणाऱ्याकडे इतरांनी हसून पाहिले, क्लासने अपेक्षित प्रश्नांची उत्तरे हाती दिली. तोंडी परीक्षेतही ठरावीक पाच प्रश्न फिरत राहिले. आपल्या परंपरेचे नाव घेऊन पाठांतराचे समर्थन करणारेही भेटतात. त्यांनी ती परंपरा नीट पाहावी. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा यास्काचार्यांच्या निरुक्तात आली आहे. वादसभेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्यापेक्षा चांगले मांडायचे, मग त्याचे खंडन करायचे, हा पूर्वपक्ष-उत्तरपक्षाचा दंडक आपलाच. मुलाखतीत सोपी, संथ रीत आधी मांडणे, तिचे उणेपण स्वतःच दाखवणे आणि मग सुधारलेल्या रीतीकडे वळणे, हे याहून वेगळे काय आहे?

भाषेचा प्रश्न इथे हटकून निघतो. मराठी माध्यमातून आलेली, तालुक्याच्या गावची मुले ‘इंग्रजी कच्चे म्हणून मागे पडलो’ असे म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण भाषेला जितका दोष दिला जातो तितका तिचा नसतो. परीक्षकाला उच्चार नको असतात, क्रम हवा असतो. ‘आधी हे करीन, मग ते, कारण असे’ एवढी लहान वाक्ये पुरतात. ज्याला मराठीतही आपला प्रकल्प सलग पाच मिनिटे सांगता येत नाही, त्याची अडचण इंग्रजी नसते. म्हणून तयारीची पहिली पायरी मराठीतच असावी. विषय आधी आपल्या भाषेत पक्का करून घेण्याची सोयही आज आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे संगणकविषयक पाठ मराठीतही ऐकता येतात. महाविद्यालयात जे नीट शिकवले गेले नाही त्यासाठी आयआयटींच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने आहेत. दोन्ही विनामूल्य.

आणि इथेच घरातल्या माणसांचे काम सुरू होते. आई-वडिलांना संगणक कळत नाही, ही या कामी अडचण नव्हे, सोयच आहे. मुलाने रात्री जेवणानंतर आपला प्रकल्प आजीला सांगावा. तो कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी केला, आधी काय जमले नाही, अमुकच रीत का निवडली, हे तिला समजले तर परीक्षकालाही समजेल. तिने ‘मग हे आधीच का नाही केलेस?’ असे विचारले, तर समजावे की खरी मुलाखत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत, आरशासमोर नव्हे, मित्रासमोर. आरसा उलट प्रश्न विचारत नाही. दोन मित्रांनी आलटून-पालटून परीक्षक व्हावे, साधा कागद आणि पेन घेऊन एकेक प्रश्न मोठ्याने बोलत सोडवावा. रोज एक प्रश्न, दोन महिने. शेवटच्या आठवड्यात दीडशे प्रश्न वाचून काढण्यापेक्षा हे कितीतरी अधिक फळते.

काय वाचावे, याची यादी इथे देत नाही. ती प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतेच आणि बहुधा गरजेपेक्षा लांब असते. आपल्या रिझ्युमेवरील प्रत्येक शब्दावर कोणीही बोट ठेवले तर दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, एवढा एकच नियम पाळावा. ज्या शब्दावर बोलता येणार नाही तो खोडावा. चार भाषांची नावे लिहून एकीतही साधा प्रोग्रॅम लिहिता न येणारा उमेदवार अज्ञानी म्हणून नव्हे, अविश्वासार्ह म्हणून नाकारला जातो.

यातूनच एका अप्रिय गोष्टीकडे यावे लागते. आपल्या शहरांत तयार प्रकल्प विकले जातात, हे उघड गुपित आहे. पैसे द्या, अहवालासह, बांधणी करून मिळतो. हे पैसे वीस वर्षांच्या मुलाच्या खिशातून येत नाहीत, आपण देतो. एरवी भाजीवाल्याने दिलेले जास्तीचे दहा रुपये परत करायला जाणारी आपली सुसंस्कृत घरे इथे ‘सगळेच करतात’ म्हणून डोळेझाक करतात. शुल्क भरून घेऊन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र देणाऱ्यांचाही एक बाजार आहे. ज्या ठिकाणी काम शिकायला जायचे, तिथे कामासाठी आपणच पैसे मोजायचे, हा व्यवहार विचित्र वाटू नये? मुलाखतीत अशा प्रकल्पाची लक्तरे पाच मिनिटांत निघतात. ‘यात सर्वांत अवघड काय गेले?’ या एका प्रश्नाला विकत घेतलेल्या प्रकल्पात उत्तर नसते. स्वतः केलेला, अर्धवट चालणारा, आपल्या सोसायटीच्या पाणीपट्टीचा हिशोब ठेवणारा लहानसा प्रोग्रॅम त्याहून शतपटीने वजनदार ठरतो, कारण त्यातली प्रत्येक ठेच सांगता येते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आल्यापासून या बाजाराला नवे रूप आले आहे. प्रश्न टाकला की प्रोग्रॅम तयार. घरबसल्या पडद्यावर होणाऱ्या मुलाखतीत बाजूच्या खिडकीत उत्तर उघडून वाचणारेही निघाले. कंपन्या याची दखल घेत आहेत. प्रत्यक्ष भेटीची किमान एक फेरी पुन्हा आणण्याचे गुगलनेही २०२५ मध्ये सांगितले. या साधनांना अस्पृश्य मानावे असे मुळीच नाही. ‘माझ्या उत्तरात चूक शोध’, ‘मला उलट प्रश्न विचार’ असे त्यांना सांगणारा विद्यार्थी त्यांच्याकडून शिकतो. ‘मला उत्तर दे’ एवढेच सांगणारा मात्र जुन्या गाईडच्या युगातच आहे, गाईड तेवढे महाग झाले आहे.

‘माहीत नाही’ असे म्हणावे की नाही, हा प्रश्न मुले फार विचारतात. जरूर म्हणावे. पण तिथे थांबू नये. ‘हे मी वापरलेले नाही, मात्र यासारखे अमुक मला ठाऊक आहे, त्यावरून असे असावे’ इतके म्हणता आले की संवाद चालू राहतो. परीक्षकाने सूचक शब्द दिला तर तो अपमान नव्हे. सूचना घेऊन पुढे जाता येते का, हेही तो पाहत असतो. उद्या हा मुलगा हाताखाली आला तर त्याला शिकवणे सुसह्य होईल का, याचा अंदाज त्याला घ्यायचा असतो.

अखेरीस ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ या प्रश्नाला आपली बहुतेक मुले ‘नाही सर, थँक्यू’ म्हणून उठतात. माझ्या परिचयातल्या एका मुलीने विचारले होते, ‘मी लिहिलेले काम कोण तपासेल आणि चुका दाखवायला त्याला वेळ असेल का?’ त्या एका प्रश्नावर पुढची वीस मिनिटे बोलणे झाले. ती निवडली गेली, पण दुसऱ्याच कंपनीत. या ठिकाणी तपासायला कोणी नसेल हे त्या बोलण्यातून तिला कळले होते, आणि आलेले बोलावणे तिने नाकारले.