स्क्रूवरचा स्टिकर आणि आपला हक्क

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल. पण घरात फ्रिज, मोबाइल, मिक्सर असणाऱ्या प्रत्येकाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

ग्राफिक्स कार्ड आता फक्त गेम खेळणाऱ्या पोरांची चैन राहिलेली नाही. व्हिडिओ एडिटिंग, अ‍ॅनिमेशन, आर्किटेक्टचं थ्रीडी काम, एआयचा अभ्यास, सगळं त्यावर चालतं. आणि ही कार्डं तापतात. आरटीएक्स 3090 चं रेटिंग 350 वॅट, 4090 चं 450 आणि 5090 चं 575. म्हणजे टेबलाखाली छोटी इस्त्री तासन्‌तास चालू ठेवल्यासारखंच. पंखा तरी काय करणार? तो खोलीतलीच हवा फिरवतो. अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीतच 40 अंश असतील, तर कार्ड तापतं, स्वतःचा वेग कमी करतं आणि पंखे बोंबलत राहतात.

यावर एक जुना, पारखलेला उपाय आहे, तो म्हणजे वॉटर ब्लॉक. कार्डावरचा मूळ कूलर काढायचा आणि तिथे आतून बारीक खाचा असलेला तांब्याचा ठोकळा बसवायचा. त्यातून पाणी फिरतं, उष्णता उचलतं आणि मोठ्या रेडिएटरकडे नेऊन सोडतं. खोलीपेक्षा थंड काहीच होत नाही, हे खरं. पण उष्णता चिपवरून लवकर उचलली जाते आणि मोठ्या रेडिएटरवर हळू फिरणारे पंखे पुरतात.

काम जिकिरीचं आहे, अघोरी नाही. आपल्या कार्डाच्या नेमक्या बोर्डाला बसणारा ब्लॉक घ्यायचा. चिप तीच असली तरी कंपनीगणिक बोर्ड वेगळा असतो. स्क्रू काढायचे, कूलर हलक्या हाताने थोडा फिरवून सोडवायचा, पंख्याच्या वायरी ओढायच्या नाहीत, खटक्यातून काढायच्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. मेमरी आणि पॉवरच्या भागांवर ब्लॉकवाल्याने सांगितलेल्या जाडीचेच थर्मल पॅड लावायचे. अर्धा मिलिमीटर जाड झाला तर ब्लॉक चिपला नीट टेकत नाही. नवी पेस्ट लावून स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडायचा नाही, गंज धरतो. शेवटी फक्त पंप चालू ठेवून चोवीस तास गळती तपासायची आणि मगच कार्डाला वीज द्यायची. लॅमिंग्टन रोडवर हात बसलेल्या कारागिराला यात काही नवल नाही.

पण पहिल्याच स्क्रूवर एक छोटा गोल स्टिकर असू शकतो. फाटला की वॉरंटी संपली! आता मला सांगा, मोटरसायकलची सीट बदलली म्हणून इंजिनची वॉरंटी गेली असं शोरूमवाल्याने सांगितलं, तर आपण ऐकून घेऊ का? मग लाखाच्या कार्डाबाबत का ऐकतो?

अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. आमचाच सुटा भाग वापरा, आमच्याकडेच दुरुस्त करा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 मध्ये सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल इशारा दिला. जुलै 2024 मध्ये पुन्हा आठ कंपन्यांना पत्रं गेली. त्यात गिगाबाइट, झोटॅक आणि अ‍ॅसरॉक या तिघांना थेट स्टिकरवरून जाब विचारला गेला. या तिन्ही कंपन्यांचा माल आपल्या बाजारातही विकला जातो.

आपल्याकडे काय? केंद्राने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केलं. चांगलंच झालं. पण स्टिकरला स्पष्ट बंदी घालणारा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘अनुचित करार’ ही तरतूद आहे, पण त्याखाली दाद मागायला जिल्हा आयोग नाही, थेट राज्य आयोग. एका स्टिकरसाठी कोण एवढी पायपीट करणार? कंपन्यांना हे नीट ठाऊक आहे.

मनात आणलं तर आपल्याकडेही होतं. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने सुट्या भागांची नाकेबंदी केल्याबद्दल 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. गाडीला जो न्याय, तो कार्डाला का नाही?

कंपन्यांची बाजूही ऐकू. कुणी स्क्रू इतका आवळला की चिप तडकली, किंवा पाणी गळून बोर्ड जळला, तर तो भुर्दंड कंपनीने का सोसावा? अजिबात सोसू नये. ज्याने बिघडवलं त्याने भरावं. पण ते बिघडवल्यामुळे झालं, हे कंपनीने दाखवावं. नुसता फाटलेला स्टिकर हा पुरावा नव्हे. कूलर काढणं धोक्याचंच असेल, तर कूलर काढू देऊनही वॉरंटी पाळणारी ईव्हीजीए इतकी वर्षं कार्डं कशी विकत होती?

आणि गंमत बघा. एन्व्हिडियाची जीबी200 एनव्हीएल72 ही डेटा सेंटरची रॅक पाण्यासारख्या द्रवानेच थंड होते. म्हणजे कोट्यवधींचं गिऱ्हाईक असेल तर पाणी चालतं, घरच्या गिऱ्हाइकाने बसवलं तर गुन्हा!

मागण्या तीनच. एक, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे स्टिकर अनुचित ठरवावेत. दोन, वॉरंटी नाकारताना नेमकं कारण लेखी द्यावं. तीन, पॅडची जाडी आणि सुटे पॅड-पेस्ट ग्राहकाला मिळावेत.

वॉरंटीत असताना कार्ड उघडता येत नाही, वॉरंटी संपल्यावर पॅड सुकलेले असतात आणि दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. भंगार असंच वाढतं. तुमची वॉरंटी कुणी स्टिकर दाखवून नाकारली, तर नकार लेखी मागा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारीच नसतील, तर नियम कशाला बदलतील?