डिश घराच्या पत्र्यावर नको, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवी

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. ज्यांची वस्ती रेंजच्या बाहेर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे फुल रेंज आहे त्यांनीही वाचा, कारण पैसा तुमच्या रिचार्जमधूनच जाणार आहे.

गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "मालक, ते मस्कचं इंटरनेट घ्यावं का? वस्तीवर चालंल का?" विचारणारे सांगोल्याचे, माढ्याचे, करमाळ्याचे, दक्षिण सोलापूरचे. कुणाची डाळिंबाची बाग आहे, कुणाचं दूध संकलन आहे, कुणाची पोरगी नीटची तयारी करतीय. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथं लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. एका घरानं स्वतःच्या खिशातून घ्यावी अशी ही वस्तू नाही, निदान आजच्या भावात तरी नाही. एका गावानं घ्यावी अशी ती जरूर आहे. आणि सरकार अनुदान देणार असेल तर ते घराला नको, गावाला द्या.

आधी झालं काय ते बघू. ५ नोव्हेंबर २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत राज्य सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. फोटो आले, बातम्या आल्या. ९० दिवसांचा प्रायोगिक टप्पा जाहीर झाला. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपल्या शेजारचा धाराशिव, ही नावं पुढं आली. सरकारी कार्यालयं, शाळा, आरोग्य केंद्रं, आपत्ती व्यवस्थापन असं सगळं त्यात बोललं गेलं. बोलणं चांगलंच होतं. पण गावात अर्थ वेगळा पोचला: "आता प्रत्येकाच्या घरावर डिश येणार."

येणार का? हिशोब करू.

८ डिसेंबर २०२५ ला कंपनीच्या संकेतस्थळावर भारतासाठी दर दिसला. महिन्याला ८,६०० रुपये आणि यंत्राचे ३४,००० रुपये. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीनं सांगितलं की हा चाचणीचा आकडा चुकून दिसला, दर अजून जाहीर केलेलाच नाही. ठीक आहे, तो आकडा बाजूला ठेवू. पण एकदा गंमत म्हणून बेरीज करा. पहिल्या वर्षाचे १,३७,२०० रुपये. हे मी मोहोळ तालुक्यातल्या एका दूधवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "तेवढ्यात एक चांगली मुऱ्हा म्हैस येती की ओ!" अर्थशास्त्रावरचं याच्यापेक्षा नेमकं भाष्य मी कुठल्या चॅनेलवर ऐकलेलं नाही.

आता स्वस्तातला आकडा घेऊ. शेजारच्या भूतानमध्ये ही सेवा २०२५ मध्ये सुरू झाली. तिथला हलका प्लॅन महिन्याला ३,००० आणि पूर्ण प्लॅन ४,२०० नगुल्ट्रम. त्यांचं चलन आपल्या रुपयाला बांधलेलं आहे, म्हणजे तेवढेच रुपये धरा. बांगलादेशात यंत्रच ४७,००० टकाला आहे. म्हणजे आपल्याकडे कितीही खाली आलं तरी तीन हजाराच्या आसपास घुटमळेल असं समजायला हरकत नाही.

तीन हजार म्हणजे किती? लाडक्या बहिणीचे दोन हप्ते. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२,००० येतात, त्यात चार महिने निघतील. केंद्राच्याच २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला. पाच माणसांचं घर धरलं तर वीस हजार सहाशे. यातून भाकरी, दवाखाना, शाळा, लग्नकार्य, एसटीचं तिकीट. त्यातला सातवा हिस्सा इंटरनेटला द्या, असं कोण म्हणू शकतं? जिथं फायबर आहे तिथं ३९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ४७० च्या आसपास महिन्याला भागतं. वर्षाचे साधारण ५,६५०. ही दोन्ही जनावरं एका दावणीला बांधता येत नाहीत.

बरं, पैशाचं सोडा. वापराचं बघा.

ही डिश डीटीएचसारखी एका जागी रोखून बसत नाही. डीटीएचचा उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटरवर एकाच ठिकाणी दिसतो. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, सतत फिरतात, एक गेला की दुसरा येतो. म्हणून वेग चांगला मिळतो, व्हिडिओ कॉल अडकत नाही. ही तंत्राची कमाल आहे, मान्य. पण त्यासाठी डिशला मोकळं आभाळ लागतं. वस्तीवर दारातच चिंच, कडुनिंब, आंबा असतो. झाड आडवं आलं की जोडणी तुटते. दुसरं, ही यंत्रणा ७५ ते १०० वॅट वीज खाते. चोवीस तास चालवली तर महिन्याला ५०-७० युनिट. आपल्या वस्त्यांवर सिंगल फेजची काय अवस्था आहे ते मी सांगायला नको. लाईट गेली की मस्कचा उपग्रह डोक्यावरून जाईल आणि आपण टॉर्च शोधत बसू.

तिसरं, आणि हे कुणी सांगत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनीच सांगितलं होतं की स्टारलिंकला भारतात २० लाखच ग्राहक घेता येतील. देशात गावं सहा लाखांच्या वर. भागाकार करा. गावामागे तीन जोडण्या. आता डोळे मिटून तुमच्या गावातली ती तीन घरं डोळ्यासमोर आणा. कुणाची असतील? मला सांगू नका, मला माहितीयत. पेट्रोल पंप, फार्महाऊस आणि माजी पदाधिकाऱ्याचा बंगला. जिथं आधीच फायबर आहे, तिथंच शोभेला डिश.

म्हणजे मी याच्या विरोधात आहे का? अजिबात नाही.

खरी गरज आहे आणि ती मी रोज बघतो. आपल्याकडे अर्धं गाव गावठाणात राहतच नाही. रानात, वस्तीवर राहतं. गावठाणापासून तीन-चार किलोमीटर, पाच-सहा घरं, मध्ये ओढा. तिथं फायबर ओढायला कुठलाही केबलवाला येणार नाही, परवडतच नाही त्याला. आणि दुसरीकडे सरकारनं सगळं ऑनलाईन केलंय. ई-पीक पाहणी मोबाइलवर. अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर योजना नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी ओटीपीवर. रेशनला अंगठा. ओटीपी येईपर्यंत वेळ संपते आणि म्हातारी परत दुसऱ्या दिवशी चालत येते. इंटरनेट ही चैन राहिलेली नाही, ते सातबाऱ्याइतकं गरजेचं झालंय.

आणि पूर विसरू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना चढली तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग फोन मुका होतो. नेमकं ज्या रात्री फोन लागायला पाहिजे त्या रात्री लागत नाही. अशा वेळी तहसीलमध्ये, नदीकाठच्या मंडळात एक डिश आणि एक इन्व्हर्टर असेल तर माणसं वाचतील. इथं तिची किंमत कुणी विचारू नये.

म्हणून भांडण तंत्राशी नाही. भांडण ते कुणाच्या छपरावर बसणार याच्याशी आहे.

आता धाराशिवचं नाव यादीत कसं आलं? गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव हे चारही नीती आयोगाचे आकांक्षित जिल्हे आहेत. ती यादी २०१८ सालची. आरोग्य, शिक्षण, शेती, गरिबी अशा निकषांवर केलेली. रेंज कुठं आहे आणि कुठं नाही, यावर नव्हे. धाराशिवला मिळतंय याचं दुःख नाही, आपलेच सोयरे आहेत तिकडं. पण बार्शीच्या शिवेपलीकडच्या वस्तीला डिश आणि अलीकडच्या वस्तीला फक्त बातमी, हा कुठला न्याय? उपग्रहाला जिल्ह्याची हद्द दिसत नाही. यादी गावनिहाय करा, वस्तीनिहाय करा. जिल्ह्याच्या नावानं करू नका.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. आधीच्या फायबरचं काय झालं?

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायचा निर्णय घेतला. पुढं त्याचं नाव भारतनेट झालं. देशात २ लाख १४ हजारांच्या वर ग्रामपंचायती 'सर्व्हिस रेडी' झाल्याचं सरकार सांगतं. हा शब्द नीट वाचा. रेडी. म्हणजे नवरदेव तयार आहे, वरात निघालेली नाही. जुनी रचना अशी होती की तालुक्यापासून एकच तार पुढं पुढं जायची. रस्त्याच्या कामात जेसीबीनं मध्येच तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. हे लक्षात आल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. आता तार गोल फिरवून आणायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं चालेल. कल्पना उत्तम. पण एक लाख चाळीस हजार कोटी हा काही शेंगाचटणीचा भाव नाही. याचा हिशोब गावाला मिळायला नको?

मी ग्रामपंचायतींमध्ये फिरतो. काही ठिकाणी यंत्राची पेटी चालू आहे, दाखले पटापट निघतात. काही ठिकाणी पेटीवर धूळ आणि वर गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. एका गावात ऑपरेटर पोरगा स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावून गावाचे उतारे काढत होता. महिन्याचा रिचार्ज त्याच्याच खिशातून. कागदावर ते गाव जोडलेलं आहे! जमिनीवरची तार सांभाळता येईना आणि निघालो आभाळातून दोरी सोडायला.

"तुम्ही पत्रकार लोक प्रत्येक नव्या गोष्टीला फाटे फोडता. मोबाइल पण आधी महागच होता की!" असं म्हणणारे येतील, म्हणून आधीच सांगतो. बरोबर आहे, १९९५ ला मिनिटाला १६ रुपये होते आणि नंतर कोसळले. पण टॉवर लागले तशी क्षमता वाढत गेली. उपग्रहाचं तसं नाही. एका भागावर जितकी क्षमता आहे तितकीच सगळ्यांनी वाटून घ्यायची. एका पाण्याच्या टाकीला किती नळ जोडाल? तरीही दर उतरले तर आनंद आहे, तेव्हा घ्या. आज कर्ज काढून घेऊ नका.

आता उपाय. तो नवा नाही, आपल्या शेजारीच पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात इस्रोनं अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दाखवला. 'साइट' नावाचा प्रयोग. त्यात कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर जिल्हे होते. म्हणजे आपल्या अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या शिवेला लागून. त्या लोकांनी काय केलं? घराघरावर अँटेना लावली नाही. गावाला एक संच, जाळीची एक मोठी अँटेना, आणि अख्खं गाव समोर बसून शेती, आरोग्य, शाळेचे कार्यक्रम बघायचं. देश गरीब होता, पण डोकं ठिकाणावर होतं. महाग वस्तू वाटून वापरायची असते, हे त्यांना कळत होतं.

आज तेच करा. तीन हजारांचा प्लॅन तीस घरांनी वाटला तर घरटी शंभर रुपये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानंच पीएम-वाणी योजना मंजूर केलीय. किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकतो. उपग्रहाची जोडणी अशी वाटायला कंपनीचा करार परवानगी देतो का, हे सरकारनं सही करतानाच ठरवून घ्यायचं असतं. इरादापत्र हे अजून इरादापत्रच आहे, त्यात अटी घालायची वेळ हीच.

आणि अनुदानाचं. मे २०२५ मध्ये ट्रायनं शिफारस केलीय की दुर्गम ग्रामीण भागात उपग्रह यंत्रासाठी सरकारनं मदतीचा विचार करावा. पैसा डिजिटल भारत निधीतून येऊ शकतो. तो निधी कंपन्यांच्या महसुलाच्या ५ टक्क्यांतून भरतो, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधून. हे पैसे एकेका घराच्या डिशवर गेले तर ज्याची ओळख त्याची डिश, हे ठिबकच्या अनुदानात आपण बघितलेलं आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या. आमदार, खासदार, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, सगळ्यांना.

१) जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांत कुठल्या ग्रामपंचायतीचं फायबर आज चालू आहे आणि कुठलं बंद, याची यादी गावाच्या नावासह लावा.

२) जिथं फायबर किंवा टॉवर पोचू शकतो तिथं तेच दुरुस्त करा. डिशचं नाव काढू नका.

३) जिथं खरंच पोचत नाही त्या वस्त्यांसाठी शाळा, उपकेंद्र किंवा समाजमंदिरावर सामायिक डिश बसवा, सोलर आणि बॅटरीसकट. देखभालीला नाव-नंबर असलेला माणूस द्या.

४) पावसाळ्याआधी सीना आणि भीमेच्या काठच्या मंडळांत पूरकाळासाठी फिरते संच ठेवा.

आणि गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: "आपली पेटी चालू आहे का?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मग इथं कमेंटमध्ये गावाचं नाव आणि 'चालू' किंवा 'बंद' एवढंच टाका. यादी सरकारनं केली नाही तर आपण करू. तीच घेऊन मी जिल्हाधिकारी कार्यालयात जातो.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, स्वागत आहे.