परीक्षकाचा पुढचा प्रश्न

भिलाईतल्या कोणत्याही पालकाला विचारा, परीक्षेची तयारी कशी करतात ते तो एका दमात सांगेल. मटेरियल आणायचं, टेस्ट सिरीज लावायची, मागच्या वर्षांचे पेपर सोडवायचे, चुका मोजायच्या आणि पुन्हा सोडवायचे. पोलाद कारखान्याच्या या टाउनशिपनं याच रीतीनं मुलं आयआयटीत पाठवली, आणि २०१६ मध्ये आयआयटीच भिलाईच्या नावानं दुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला आली. गणिताला, भौतिकशास्त्राला ही रीत लागू पडते, याबद्दल वाद नाही. पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेलाही आता तीच रीत लावली जाते आहे आणि तिथं ती मुलांचं नुकसान करते आहे. हे नुकसान आपल्या वर्गांत होतं, म्हणून या महिन्याचं संपादकीय त्याच विषयावर.

आयेल्ट्स, पीटीई, टोफेल, ओईटी या परीक्षांना बसणारी मुलं आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाहीत. दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांतूनही कुणी एमएससाठी निघतं, कुणी नर्स म्हणून ब्रिटनला, कुणी लग्नानंतर नवऱ्यामागं कॅनडाला. इथली काही मराठी घरं फार जुनी, १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच दुर्ग होतं तेव्हापासूनची. काही पोलाद कारखान्यासोबत आली. फेब्रुवारी १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातून माणसं येऊन सेक्टरांत राहू लागली. त्यामुळे इथलं मूल घरात मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी, बाजारात छत्तीसगढी आणि शेजारी थोडं तेलुगू किंवा मल्याळम ऐकत वाढतं. दिवसातून अनेकदा भाषा बदलणारं हे मूल बोलण्याच्या परीक्षेत अडखळावं, याचं खरं तर आपल्याला आश्चर्य वाटायला हवं.

अलीकडेच इथल्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी सराव मुलाखती ऐकत होते. आयेल्ट्सच्या दुसऱ्या भागाचं कार्ड आलं: तुमच्या ओळखीतल्या एखाद्याच्या वेगळ्या कामाविषयी बोला. तयारीला एक मिनिट, हातात कागद-पेन्सिल. मुलीनं कागदावर एक अक्षर लिहिलं नाही, कारण तिला गरजच नव्हती. मिनिट संपताच ती सुरू झाली. परदेशात सॉफ्टवेअर कंपनी काढलेला एक मामा, त्याची चिकाटी, त्याचं यश. वाक्यं गुळगुळीत, मधूनमधून पेरलेले वाक्प्रचार, आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका पट्टीत. दोन मिनिटं नीट भरली. मग शिक्षिकेनं सहज विचारलं, मामाच्या कामातली कोणती गोष्ट तुला जमणार नाही? मुलगी गप्प. थोड्या वेळानं मराठीत म्हणाली, "मॅडम, हा प्रश्न फाइलमध्ये नव्हता."

असा मामा तिला नव्हताच. वडील काय करतात, असं विचारलं तेव्हा कळलं, रेल मिलमध्ये आहेत. त्याबद्दल सांग म्हटल्यावर तिचं इंग्रजी एकदम खाली आलं. काळ चुकले, उपपदं गळाली. पण बोलणं सुरू झालं. वडिलांची रात्रपाळी असली की त्या आठवड्यात आई दुपारी कुकर लावत नाही, शिट्टीनं त्यांची झोप मोडते म्हणून. मिलमध्ये एकसंध १३० मीटरचा रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचं पॅनेल होतं, हे तिला पाठ न करता माहीत होतं. दुर्ग स्टेशनवर गाडीची वाट पाहताना वडील फलाटाच्या कडेला उभे राहून रुळाच्या अंगावर उमटवलेली कारखान्याची खूण आणि वर्ष वाचतात, हे सांगताना ती मध्येच थांबली, कारण पुढं काय सांगायचं याचा विचार करत होती. आवाज चढत-उतरत होता. शिक्षिकेनं पुढचे चार प्रश्न विचारले आणि चारही प्रश्नांना तिच्यापाशी उत्तर होतं.

आयेल्ट्सचे निकष आपण सगळे वर्गाच्या भिंतीवर लावतो. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार, चारहींना सारखं वजन. पण त्या तक्त्याच्या खालच्या ओळी आपण क्वचित वाचून दाखवतो. शब्दसंपत्तीच्या दुसऱ्या बँडमध्ये आणि व्याकरणाच्या तिसऱ्या बँडमध्ये पाठ केलेल्या वाक्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वर आठव्या बँडपाशी आणखी महत्त्वाची गोष्ट लिहिलेली आहे. तिथला उमेदवारही थांबतो, पण बहुतेक वेळा मजकुराचा विचार करण्यासाठी, शब्द शोधण्यासाठी क्वचितच. म्हणजे थांबणं हा दोष नाही, कशासाठी थांबलात ते पाहिलं जातं. पाठांतर केलेल्या मुलाला विचारासाठी थांबायचा सरावच झालेला नसतो. ते थांबतं तेव्हा पूर्णच थांबतं.

खोटा मामा सांगितला म्हणून गुण कापले जात नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं. परीक्षक खरं-खोटं तपासायला बसलेला नसतो. अडचण दुसरी आहे. ११ ते १४ मिनिटांच्या या मुलाखतीत पहिल्या भागात परीक्षक ठरलेले प्रश्न वाचतो, पण तिसऱ्या भागात तो उमेदवाराच्या उत्तराला धरून खोलात जातो, प्रश्न बदलतो, उलटा विचारतो. तिथं रचलेल्या मामाच्या पाठीमागं काहीच नसतं. शिवाय दुसऱ्या भागातली घडीव भाषा आणि तिसऱ्या भागातली खरी भाषा यांच्यातलं अंतर कोणत्याही अनुभवी कानाला लगेच कळतं.

तरीही जानेवारी, मे आणि सप्टेंबर उजाडला की 'या चार महिन्यांची कार्डं' नावाच्या फाइली व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात, नमुना उत्तरांसकट. शिक्षकाला ती फाइल सोयीची वाटते, पालकाला ती मटेरियल वाटते, आणि मुलाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. विषयांचा अंदाज घ्यायला फाइल वाचली तर हरकत नाही. त्यातली उत्तरं मात्र वर्गाबाहेर ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनाही हे कळलेलं आहे. पीटीईचं मूल्यमापन मुख्यतः यंत्र करतं, म्हणून तिथं साच्याचं पीक सर्वात जोमात आलं: चित्र कोणतंही असो, त्याच चार वाक्यांत आकडे बसवायचे. तीन सेकंद गप्प राहिलं की माइक बंद होतो, या भीतीनं मुलं अर्थ सोडून नुसता आवाज चालू ठेवायला शिकली. ऑगस्ट २०२५ पासून पीटीईत दिलेल्या प्रसंगाला उत्तर देण्याचा प्रश्न आला. टोफेलनं जानेवारी २०२६ पासून बोलण्याचा भागच बदलला आणि त्यात तयारीला वेळ न देणारी मुलाखत आणली. वारं कुठं चाललंय ते स्पष्ट आहे.

ओईटीविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण दुर्ग-भिलाईच्या नर्सिंग कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलींचा प्रश्न त्यात आहे. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला आयेल्ट्सच्या बोलण्यात ७ किंवा ओईटीत बी श्रेणी, म्हणजे ३५० गुण लागतात. ओईटीत दोन प्रसंग असतात, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते, उमेदवार नर्स. २०१८ पासून भाषेबरोबर संवादालाही गुण आहेत: रुग्णाशी नातं जोडता आलं का, त्याच्या मनातलं काढून घेता आलं का, माहिती झेपेल एवढीच दिली का. आणि आपण काय शिकवतो? 'तुमची काळजी मी समजू शकते' हे वाक्य. ते पाठ केलेली एक नर्स सरावात पाच मिनिटांत ते पुन्हा पुन्हा म्हणताना मी ऐकलं आहे. इन्सुलिन नको म्हणणाऱ्या बाईला काय नको आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मग तिलाच म्हटलं, बालोदकडची एखादी म्हातारी वॉर्डात असंच म्हणाली तर? ती लगेच छत्तीसगढीकडे वळली. "का होगे दाई?" असं विचारून गप्प राहिली आणि समोरची बोलेपर्यंत थांबली. सुईची भीती आहे, खर्चाची आहे, की शेजारणीनं काही सांगितलंय, हे तिनं एकेक करून काढून घेतलं. ओईटीला हवं ते कौशल्य तिच्या हातात होतं. तिला इंग्रजीत फक्त ते चार प्रश्न आणि ती शांतता नेऊन ठेवायची होती.

म्हणूनच मराठी-हिंदीला वर्गात बंदी घालण्याच्या मी विरोधात आहे. नवा विषय मुलाला आधी घरच्या भाषेत मिनिटभर सांगू द्या. त्यात मजकूर सापडतो. मग इंग्रजीत सांगताना ते वाक्याला वाक्य जुळवत बसलं तर थांबवा आणि कागदावर वाक्यं नाही, तर फक्त पाच-सहा शब्द लिहायला लावा: पाळी, कुकर, रूळ, फलाट, वर्ष.

ओघासाठी पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये अभ्यासलेली चार-तीन-दोनची पद्धत आजही उत्तम आहे. मूल एकच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना सांगतं, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. मजकूर तोच असल्यामुळे मनावरचा भार उतरतो आणि वेग आपोआप येतो. यात पाठांतर होत नाही, कारण श्रोता बदलला की वाक्य बदलतं. वर्गात पंधरा मुलं असली तरी हे जमतं, मात्र शिक्षकानं त्या वेळात बोलायचं नाही. आपल्यापैकी बहुतेकांना तेच सर्वात जड जातं.

उच्चाराच्या बाबतीत उलटी चूक होते. परदेशी ढब आणण्याच्या नादात मुलं जीभ नको तितकी वळवतात. परीक्षेला ढब नको, समजणं हवं आहे. आपल्या मुलांचं समजणं अडतं ते मुख्यतः आघातापाशी. 'इंडस्ट्री'चा जोर पहिल्या अवयवावर, 'इंडस्ट्रियल'चा दुसऱ्यावर. भिलाईतलं प्रत्येक मूल हे दोन शब्द वापरणार आणि बहुतेक मुलं दोन्हीकडे सगळे अवयव सारख्याच जोरानं म्हणणार. मराठी घरातल्या मुलाला व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी एकच 'व' येतो. छत्तीसगढीच्या सवयीत 'श'चा 'स' होतो. एवढ्या दोन-तीन गोष्टी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून, मुलाला स्वतःचं ऐकून कागदावर उतरवायला लावून सुधारतात. बाकी ढब राहू द्यावी. ती त्याच्या गावाची आहे.

पालकांशी बोलणं हा सर्वात अवघड भाग. 'पंधरा दिवसांत सात बँड' असे फलक लागलेले असताना, तुमच्या मुलाला तीन महिने रोज बोलावं लागेल असं सांगणाऱ्या शिक्षकाची बॅच रिकामी राहण्याचा धोका असतो, हे मला माहीत आहे. पण परीक्षेचं शुल्क हजारो रुपयांत आहे, आणि पुन्हा बसावं लागलं तर तो भुर्दंड त्याच पालकाला पडतो. पहिल्या दिवशीच मुलाची दहा मिनिटांची मुलाखत पालकांसमोर घ्या आणि फाइलीबाहेरचे तीन प्रश्न विचारा. त्यानंतर फार समजावावं लागत नाही.

पुढच्या अंकासाठी एक विनंती. आपापल्या गावावरून कार्डं तयार करा आणि पाठवा. भिलाईच्या शिक्षकांनी मैत्रीबागेवर, टाउनशिपच्या सेक्टरांवर, पाळ्यांवर करावीत. गोंदिया-भंडाऱ्याच्या शिक्षकांनी धानाच्या लावणीवर, इचलकरंजीच्या शिक्षकांनी मागांवर. प्रत्येक कार्डाखाली नमुना उत्तर नको, फक्त परीक्षक विचारील असे चार पुढचे प्रश्न द्या. निवडक कार्डं आम्ही छापू, आणि ज्यांनी ती वर्गात वापरून पाहिली त्यांचे अनुभवही, फसलेल्या तासांसकट.