शिबिर झाले, पिशवीचे काय?

कुंडलमध्ये रक्तदानाला माणसे गोळा करायला फारसे सायास पडत नाहीत. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचे, त्यातले क्रांतिकारक जी. डी. बापू लाडांचे हे गाव. हाकेला धावून जायची सवय जुनी आहे. आता हाक येते ती बहुधा जयंतीला, नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाला. फ्लेक्स लागतो, पिशव्यांचा आकडा माईकवरून सांगितला जातो, प्रमाणपत्रासह फोटो निघतो आणि शिबिर ‘यशस्वी’ होते. रक्तकेंद्रातल्या तंत्रज्ञाचे खरे काम तेव्हा कुठे सुरू होते.

प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून 6 तासांच्या आत. सांगली-मिरजेच्या रक्तकेंद्रापर्यंतचा प्रवासही त्यातच धरायचा. पिशव्या वजन जुळवून समोरासमोर सेंट्रिफ्यूजमध्ये बसवायच्या. वजनात फरक राहिला की यंत्र थडथडते. फिरून बाहेर आलेल्या पिशवीत तळाला लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे सायीसारखा पातळ पांढरट थर. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या थरात असतात. पण दात्याच्या या पेशी रुग्णाच्या अंगात गेल्या तर हुडहुडी भरून ताप येऊ शकतो, म्हणून त्या होईल तितक्या बाजूला काढायच्या. पिशवीला धक्का लागला की थर ढवळला, मेहनत वाया. शिवाय एचआयव्ही, दोन्ही कावीळ (बी आणि सी), गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या आहेतच. हे सगळे करणारी डीएमएलटी झालेली पोरे अनेकदा कंत्राटावर असतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही.

तपासणीत घाई चालत नाही, याचा दाखला मुंबईतच आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. या माणसांच्या लाल पेशी साध्या तपासणीत ‘ओ’ वाटतात. पण त्यांचे सीरम ‘ओ’ पेशींत मिसळले की गुठळ्या होतात. उलट बाजूची ही दुसरी तपासणी कोणी टाळली आणि ‘ओ’ रक्त चढवले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. शेजारच्या तासगावात या दुर्मिळ गटाच्या दात्यांना एकत्र आणणारी संघटनाच आहे, म्हणजे आपल्या भागाला हा विषय परका नाही.

आता वाढदिवसाच्या हिशेबाकडे येऊ. लाल पेशी फ्रीजमध्ये 35 ते 42 दिवस टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट मात्र 22 अंशांच्या आसपास, सतत हलत्या ट्रेवर, जेमतेम 5 दिवस. एकाच दिवशी शेकड्याने पिशव्या येऊन पडल्या, तर मोजक्या माणसांनी 6 तासांत किती उरकायच्या? आणि उरकल्या तरी आठवड्याने आलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला त्यातली एकही प्लेटलेट मिळत नाही. विक्रमी आकड्याचे कौतुक पुरे झाले. ती संख्या रुग्णाच्या नव्हे, नेत्याच्या सोयीची असते.

तेव्हा मंडळांना एवढीच विनंती: तारीख पंचांगात किंवा नेत्याच्या डायरीत पाहण्याआधी रक्तकेंद्राला फोन करा. कोणता गट कमी आहे, किती पिशव्या झेपतील, हे विचारा. एका मोठ्या शिबिराची चार छोटी करा, आणि त्यातले एक मे महिन्यात घ्या. कॉलेजांना सुट्टी लागून दाते कमी होतात, तेव्हाच रक्ताची टंचाई असते.