एल्कच्या शिकारीसाठी गोळीची निवड

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतराजीत शरद ऋतूत परवाना घेऊन ज्याची शिकार केली जाते, त्या एल्क या हरणाचा पूर्ण वाढलेला नर सुमारे 300 किलो भरत असल्याने, त्याच्यासाठी रायफलची गोळी निवडताना तिच्या व्यासापेक्षाही बांधणीचा विचार अधिक करावा लागतो. सर्वसाधारण गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ वेष्टन असते. शरीरात शिरताच ती टोकाकडून फुलते व जखम रुंद करते, परंतु खांद्याच्या जाड हाडावर आदळल्यास ती फुटून फुफ्फुसांपर्यंत न पोहोचण्याचा आणि जनावर घायाळ होऊन निसटण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून जॉन नॉस्लर यांनी 1948 मध्ये बाजारात आणलेल्या गोळीत मधोमध धातूचा आडवा पडदा ठेवला, ज्यामुळे पुढचा भाग फुलतो आणि मागचा अखंड राहून खोलवर शिरतो. संपूर्ण तांब्याच्या गोळीचे सहसा तुकडेच होत नाहीत आणि तिच्यात शिसे नसल्याने मांसात व रानात टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कणही उरत नाहीत. असे कण पोटात जाऊन कॉन्डोर गिधाडांना विषबाधा होत असल्यामुळेच कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीतील शिशाच्या गोळ्यांवर राज्यभर बंदी घातली. नेम अचूक असेल, तर .30-06 काडतुसातील 180 ग्रेनची, म्हणजे सुमारे 11.7 ग्रॅमची, तांब्याची गोळी एल्कसाठी पुरेशी ठरते.